दुसऱ्याचं ताट

हॉटेल कसं आहे हे ओळखायला मी माझ्या ताटाकडे बघत नाही, समोरच्याच्या ताटाकडे बघते. कारण आमच्या घरात मी मासेखाऊ आणि नवरा असा शाकाहारी, की केकमध्ये अंडं आहे का तेही विचारून घेतो. त्याला शेजारच्या ताटातल्या वासाचं वावडं नाही, एवढ्यावर वीस वर्षं सुखात गेली. घरी हे जमतं. पण दोन दिवस मुंबईला जायचं ठरलं, की हॉटेलं निवडताना कस लागतो.

हिशोब साधा आहे. शनिवारी सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीननं पुण्याहून निघायचं आणि रविवारी संध्याकाळी त्याच गाडीनं परतायचं. गाडीच्या डायनिंग कारमधलं त्याचं चीज टोस्ट आणि माझं ऑम्लेट धरायचं नाही, ते प्रवासखर्चात. उरतात धड चार खाणी: शनिवारी दुपारचं आणि रात्रीचं जेवण, रविवारचा नाश्ता आणि दुपारचं जेवण. यातलं एक फसलं की पाव सहल वाया.

एकदा फसलंच. समुद्र दिसणारं हॉटेल होतं, नाव घेत नाही. मेनूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढं जाड. माझ्या पापलेटावर जो लाल रस्सा आला, तोच त्याच्या पनीरवर आला, वर सायीची एक रेघ जास्त. त्याचं जेवण वाईट होतं याचं मला फारसं वाटलं नाही. त्यानं ते दहा मिनिटांत उरकलं आणि मग माझं संपायची वाट बघत समुद्राकडे बघत बसला, याचं वाटलं. दोघांच्या सहलीत एकानं जेवायचं आणि दुसऱ्यानं सोबत करायची, हे काही खरं नाही.

तेव्हापासून निवडीची कसोटी बदलली. जे हॉटेल ज्या पदार्थासाठी नावाजलेलं आहे, तो पदार्थ न खाणाऱ्याला तिथे काय मिळतं?

बॅलार्ड इस्टेटमधलं ‘ब्रिटानिया’ या कसोटीवर घासून बघण्यासारखं. सीएसएमटीवर उतरून चालत जाण्याच्या अंतरावर. 1923 सालचं हे इराणी हॉटेल. उंच छत, रंग उडालेल्या भिंती, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. मालक बोमन कोहिनूर नव्वदी उलटल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घेत. 2019 मध्ये ते गेले. इथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे आणि बहुतेक जण तो मटणाचा किंवा चिकनचा घेतात. मीही मटणाचाच घेतला. त्यानं भाज्यांचा मागवला आणि मी मनातल्या मनात त्या लाल रश्श्यातल्या पनीरची तयारी केली.

ताटल्या आल्या. दोन्हींवर तोच मोकळा, लांब दाण्याचा, कुठे केशरी कुठे पांढरा भात. त्यावर कुरकुरीत तळलेला कांदा, काजू, आणि माणकांसारखी विखुरलेली झरिश्क. हे सुकवलेलं इराणी फळ डाळिंबाच्या दाण्याहून लहान असतं. पहिल्या घासाला ते जाणवतही नाही. भाताचा तुपकटपणा आणि कांद्याचा गोडवा जिभेवर पसरतो, आणि मग दाताखाली एक दाणा फुटतो. आंबट, पण लिंबाचा धारदार आंबटपणा नव्हे; आमसूल चघळल्यावर गालात जो मागाहून उमटतो तसा. त्या एका टिंबानं आधीचा सगळा घास नव्यानं चवीला येतो. मटण भाताच्या खाली दडलेलं असतं. ते मऊ असतं, मसाला मुरलेलं असतं, पण या ताटलीतला नायक ते नव्हे. नायक आहे झरिश्क.

म्हणूनच त्याचा पुलाव माझ्या पुलावातून मटण वजा करून उरलेला नव्हता. ज्या गोष्टीमुळे हा पुलाव ‘बेरी पुलाव’ ठरतो, ती दोन्ही ताटल्यांत पुरेपूर होती. तो सावकाश जेवत होता. एकेक झरिश्क काट्यानं बाजूला सारून शेवटासाठी राखत होता, लहान मुलं केकवरची चेरी राखतात तसं. आमचं जेवण एकाच वेळी संपलं.

संध्याकाळी ताडदेवला ‘स्वाती स्नॅक्स’मध्ये पानकी खाल्ली. तांदळाचं पातळ पीठ केळीच्या पानाच्या दोन तुकड्यांत सारवून तव्यावर भाजतात. पान सोलून काढायचं, की त्याच्या शिरांचा ठसा उमटलेला पापुद्रा हातात येतो. तिथे दोघांची ताटं सारखीच, म्हणून कसोटीचा प्रश्नच नव्हता.

खरी परीक्षा रात्री होती. मला दादरला मालवणी जेवायचं होतं. मालवणी खानावळीत काय वाचायचं, हे मासेखाऊ माणसाला शिकवावं लागत नाही. छापील कार्डापेक्षा फळ्यावर खडूनं लिहिलेली यादी खरी, आणि त्यातलं खोडलेलं नाव अधिक खरं. खोडलं म्हणजे संपलं, संपलं म्हणजे आजचं होतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्या दिवसांत ज्याच्या फळ्यावरचं काहीच कमी होत नाही, त्याच्या बर्फपेटीबद्दल विचार करावा. बोंबील मागवावेत, कारण बोंबील लपवाछपवी करत नाही. तो मुळात पाण्यानं भरलेला. वजनाखाली दाबून ते पाणी नीट काढलं नसेल तर रव्याचं कवच आतून भिजतं आणि घास लिबलिबीत लागतो. इथला बोंबील उचलला तर काडीसारखा ताठ राहिला. मोडला तर आत साय.

पण मी बघत होते ते समोर. त्याच्यापुढे काळ्या वाटाण्याची उसळ, वडे आणि सोलकढी आली. उसळ जवळजवळ काळी, वर तेलाचा बारीक तवंग. काळा वाटाणा हट्टी. रात्रभर भिजवावा लागतो, आणि शिजला तरी साल सोडत नाही. दाताखाली आधी ती साल तटकन तुटते, मग आतला पिठूळ मऊपणा. भोवती भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप, ज्यात खोबरं करपण्याच्या अगदी अलीकडे थांबवलेलं. हेच वाटप कोंबडीच्या रश्श्यालाही लागतं. म्हणजे स्वयंपाकघरातली सगळ्यात मेहनतीची गोष्ट त्याच्या वाटीतही आली होती. मी माझी सुरमई थंड होऊ देऊन वड्याचा तुकडा त्याच्या उसळीत बुडवला. दुसऱ्यांदा बुडवला तेव्हा त्यानं वाटी मधोमध सरकवली आणि पोऱ्याला खूण केली, अजून एक.

रविवारी पारडं फिरलं. माटुंगा. सकाळी इडली आणि फिल्टर कॉफी, दुपारी स्टेशनाजवळ ‘रामा नायक’ यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. 1942 पासूनचं. जिना चढून जायचं, केळीच्या पानावर जेवायचं. आज दुसरं ताट माझं होतं. मासे नाहीत, कांद्या-लसणाची झणझणीत फोडणी नाही. पण रसमचा पहिला भुरका घशातून मिऱ्यांची ऊब घेऊन उतरला आणि माझी तक्रार करायची सोयच राहिली नाही. भाताला मध्ये आळं करून त्यात सांबार, मग पुन्हा भात आणि रसम, शेवटी ताक. दाट, मग पातळ, मग थंड. मासा नसल्याची आठवण मला जिना उतरताना आली.

परतीच्या गाडीत त्यानं विचारलं, “ती दादरची खानावळ तुला कुठे सापडली?”

सापडली ती फोनवर. तीन ठिकाणी फोन करून एकच प्रश्न विचारला होता: बरोबरचा माणूस शाकाहारी आहे, त्याला काय द्याल? पहिला म्हणाला, “सगळं मिळेल मॅडम, व्हेजची दोन पानं आहेत.” दुसरा म्हणाला, “पनीर देऊ ना.” तिसऱ्यानं आधी आत कुणाला तरी हाक मारून विचारलं आणि मग म्हणाला, “काळ्या वाटाण्याची उसळ आहे. पण साडेआठच्या आत या, संपते.”

संपते म्हणाला, तिथेच मी ठरवलं.