खगोलशास्त्रज्ञांची सामाईक सूची : एक परीक्षण

आपल्या विषयावर आधी कोणी काय लिहून ठेवले आहे हे ठाऊक नसेल, तर संशोधकाचे बरेच श्रम वाया जातात. खगोलशास्त्रात ही अडचण जुनीच. १८९९ पासूनच्या लेखनाची नोंद ठेवणारा एक जर्मन वार्षिक सूचीग्रंथ होता. १९६९ पासून त्याची जागा इंग्रजी सारांशग्रंथांनी घेतली. हे ग्रंथ जाडजूड, महाग, आणि हाती पडेपर्यंत शिळे झालेले. १९९३ मध्ये नासाच्या खर्चाने अमेरिकेतील स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेने संगणकीय सारांशसेवा सुरू केली व पुढच्याच वर्षी ती वेबवर आणली. हीच ‘अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम’, म्हणजे एडीएस. तिच्यातील नोंदी आता दीड कोटींच्या वर गेल्या आहेत आणि त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

या यशाचे मोठे श्रेय मी एका साध्या कराराला देईन. प्रत्येक लेखाला १९ जागांचा संकेतांक असतो. चार जागा वर्षाच्या, पाच नियतकालिकाच्या लघुनावाच्या, चार खंडाच्या, एक विशेष खुणेची, चार पृष्ठाच्या आणि शेवटची पहिल्या लेखकाच्या आडनावाच्या आद्याक्षराची. हबल यांचा विश्वाच्या प्रसरणावरचा प्रसिद्ध लेख घ्या : वर्ष १९२९, खंड १५, पृष्ठ १६८, शेवटी ‘एच’. छापील लेख समोर असला की हा संकेतांक हातानेही मांडता येतो. फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या तारासूचीने आणि अमेरिकेतील दीर्घिकासूचीनेही तोच वापरला. त्यामुळे ताऱ्यावरून लेखाकडे व लेखावरून ताऱ्याकडे जाता येऊ लागले.

आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची रचली, ती एका माणसाच्या चिकाटीवर. एडीएसमध्ये काम वाटले गेले आहे. प्रकाशक सारांश पाठवतात, जुने खंड पानापानाने प्रतिमांकित झाले आहेत, वाचक चुका कळवतात. पण अखेरचा हात मोजक्या संपादकांचा असतो, आणि मला ते योग्य वाटते. सर्वांनीच थेट लिहायचे ठरवले तर एका लेखाच्या तीन नोंदी व्हायला वेळ लागत नाही. परदेशी जोडण्या मंद असताना या सूचीची एक प्रतिकृती पुण्याच्या आयुकात ठेवलेली होती. भारतातील संशोधकांची त्यामुळे मोठी सोय झाली.

उणिवा मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली नावांची. विल्सन यांच्यासह वेणू बाप्पू यांनी १९५७ मध्ये ताऱ्यांच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या रेषांवर लेख लिहिला. त्याचा उल्लेख कुठे ‘विल्सन व बाप्पू’, तर कुठे ‘विल्सन व वेणू बाप्पू’ असा होतो. आडनाव आधी आणि मग आद्याक्षरे ही पाश्चात्त्य चौकट आपल्या नावांना नीट बसत नाही. ‘पाटील, एस.’ असे शोधून पाहा म्हणजे कळेल! लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे काम तर दोन व्यक्तींमध्ये वाटले जाण्याचा धोका असतो. २०१२ पासून संशोधकांना सोळा अंकी ओळखक्रमांक मिळू लागला, पण तो जिवंत माणसांसाठी. दिवंगतांनी तो कोठून आणायचा?

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, आणि तिचा दोष सूचीपेक्षा वापरणाऱ्यांकडे जातो. कोणत्या लेखाचा आधार पुढे किती जणांनी घेतला ही संख्या नोंदीशेजारीच दिसते. जुन्या लेखांच्या बाबतीत ती अपुरी असते, तरी माणसांची निवड करताना तिच्याकडे गुणपत्रिकेसारखे पाहिले जाते. हबल यांनी १९२९ मध्ये काढलेला प्रसरणाचा दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे) सेकंदाला ५०० किलोमीटरच्या आसपास होता, आज तो ७० च्या आसपास मानतात. लेख थोर, आकडा सातपट चुकीचा. उल्लेखांची संख्या यांतले काहीच सांगत नाही.

बेल्जियमच्या लमेत्र यांनी तर १९२७ मध्येच असा दर काढला होता, सुमारे ६२५. पण तो लेख फ्रेंचमध्ये, बाहेर फारशा न वाचल्या जाणाऱ्या बेल्जियन नियतकालिकात छापला गेला. १९३१ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला, तेव्हा नेमका तो भाग गाळलेला होता. गाळणारे स्वतः लमेत्रच होते, हे २०११ मध्ये पत्रव्यवहारातून उघड झाले. पुढे २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने या नियमाला ‘हबल-लमेत्र’ म्हणावे अशी शिफारस केली. सूचीत मूळ लेख आणि अनुवाद एकमेकांना जोडता येतील. अनुवादात काय गळले ते मात्र दोन्ही वाचलेल्या माणसानेच लिहून ठेवावे लागते.

शिक्षकांनी ही सूची एकदा तरी उघडावी. हबल यांचा लेख अवघ्या सहा पानांचा आहे. त्यातील आलेख अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावा आणि त्या रेषेचा चढ त्यांनाच मोजू द्यावा. पाचशेच्या आसपास उत्तर आले की आजचा आकडा सांगावा, आणि अंतरे मोजण्यात कुठे चूक झाली असेल ते त्यांना विचारावे.