तसबिरीतली आई आणि एकटा बाप

मराठी नाटकाचे माहेर सांगली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ येथेच उभे केले, आणि सांगलीलगतच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये ‘संगीत शारदा’ रंगभूमीला दिले. ‘शारदे’तला धनिक भुजंगनाथ विधुर आहे, पंचाहत्तरीला पोहोचलेला आहे, आणि तरीही त्याला बोहल्यावर चढायचे आहे. प्रेक्षक त्याला हसले, आणि हसता हसता जरठ-कुमारी विवाहाविषयी अस्वस्थ झाले. देवलांचे हे यश लहान नव्हे. परंतु विधुर म्हटला की त्याच्या लग्नाचा घोळ, हे समीकरण आपल्याकडे नंतरही बहुधा सुटले नाही. पत्नी गेल्यावर मुलांपाशी उरलेला, त्यांचे जेवणखाण, अभ्यास, दुखणीबाणी निभावणारा बाप हाही निर्मळ विनोदाचा विषय होऊ शकतो, याकडे लेखकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही.

छोट्या पडद्यावर या विषयाच्या उंबरठ्यापर्यंत आलेली मालिका म्हणजे ‘हम पाँच’. झी वाहिनीवर १९९५ साली ती सुरू झाली. भाषा हिंदी, पण तिचा प्राण दोन मराठी कलावंतांत होता. पाच मुलींचा बाप आनंद माथुर म्हणजे अशोक सराफ, आणि भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी त्याची दिवंगत पहिली पत्नी म्हणजे प्रिया तेंडुलकर. ही कल्पना विलक्षण होती. आपल्या घरांत गेलेल्या माणसाच्या तसबिरीला हार घातला की ते माणूस मुके होते. त्याच्याविषयी फक्त चांगले बोलायचे, तेही हलक्या आवाजात. येथे मात्र गेलेली बाई नवऱ्याला टोमणे मारते, त्याची फजिती पाहून खुदकन हसते, दुसऱ्या पत्नीवर शेरे झाडते. २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावणाऱ्या आपल्या समाजाला यात परके वाटावे असे काही नाही. मृतांचा आणि आपला संबंध तुटत नाही, हा तर आपल्या श्रद्धेचाच भाग. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात जे सांगताना जड होते, ते या विनोदी मालिकेने नकळत घरगुती करून टाकले. प्रिया तेंडुलकर २००२ मध्ये निवर्तल्या. त्यानंतर ती तसबीर आठवली की हसू येते आणि जरा चरकायलाही होते.

तरीही मालिकेने खरी वाट चुकवली असे माझे मत आहे. कथा सुरू होते तेव्हा आनंदचे दुसरे लग्न होऊन गेलेले असते. बायको गेली आणि दुसरी आली, या दोन घटनांमधला जो काळ, ज्यात या बापाची खरी परीक्षा झाली असणार, तो कथेतून गळून पडला आहे. तसबीर बोलते तीही मुख्यत्वे नवऱ्याशी. आईविना झालेल्या मुलींना तिच्याशी काही बोलायचे असेल, हा प्रश्न मालिकेला फारसा पडत नाही. मुलींच्या वाट्याला एकेक विक्षिप्तपणा तेवढा दिला आहे: एक स्त्रीमुक्तीवाली, एक दादागिरी करणारी, एक कानाला यंत्र लावून सगळे भलतेच ऐकणारी. (कानाच्या यंत्रावरचा विनोद पुनःपुन्हा वापरावा लागणे हे लेखनातल्या दारिद्र्याचे लक्षण होय.) अशोक सराफांसारख्या समर्थ नटाकडे उरते ते दोन बायकांमध्ये चेपलेल्या नवऱ्याचे काम. नवरा म्हणून त्याची तारांबळ भरपूर दिसते. बाप म्हणून तो एकटा असा क्वचितच दिसतो.

अमेरिकेत १९६९ ते १९७२ या अवघ्या तीन हंगामांत ‘द कोर्टशिप ऑफ एडीज फादर’ ही मालिका होऊन गेली. बिल बिक्सबी यांनी तीत लहानग्या एडीच्या विधुर बापाची भूमिका केली. मुलगा बापासाठी बायको शोधत असतो. म्हणजे ‘शारदे’तला लग्नाचा घोळ तेथेही आलाच. फरक असा की, त्या मालिकेचे बळ बापलेकांच्या संभाषणात होते. मुलगा अवघड प्रश्न विचारतो आणि बाप ते टाळत नाही.

हा भेद मला केवळ कलेचा वाटत नाही. २०२० आणि २०२१ मधल्या करोनाने सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत अनेक घरे मोडली. आई गेलेल्या घरी वर्षश्राद्धाची मिस्सा होण्याआधीच स्थळे येऊ लागतात. नाही तर मुलांची पाठवणी आजोळी होते. पुरुषाला हे जमायचे नाही, असे सगळे गृहीतच धरतात, आणि ऐकून ऐकून तोही तसेच मानू लागतो. वास्तविक कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात चालवलेले वसतिगृह डोळ्यांपुढे आणावे. तेथील मुलांसाठी अंगावरचे दागिने देणाऱ्या लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या. भाऊरावांनी त्यानंतरही, १९५९ साली देह ठेवीपर्यंत, जातीपातींच्या पलीकडे जाऊन परक्या पोरांचे बापपण सांभाळले. मुलांचा सांभाळ हे पुरुषाचे काम नव्हे, असे निदान सातारकरांनी तरी म्हणू नये.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही आई नाही. प्रभू येशूने तिचा उल्लेखच केलेला नाही. मुलाला दुरून पाहून धावणे, गळ्यात पडणे, मुके घेणे, अंगावर झगा आणि पायांत जोडे घालायला सांगणे, हे सारे बापच करतो. रेम्ब्रांटने हा प्रसंग रंगवला, तेव्हा बापाचे दोन हात वेगवेगळे काढले: एक राकट, दुसरा नाजूक. हे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. पुढे थोरला रुसून अंगणातच थांबतो. मेजवानी सोडून बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. विनोदी मालिका लिहिणाराने हा दुसरा प्रसंग नीट वाचावा. एका घरात दोन मुलगे, दोघांचे न्याय वेगळे, वाद्यांचा गोंगाट चाललेला, आणि दारात एकटा म्हातारा! दूरचित्रवाणीवर प्रत्येक भागाच्या शेवटी घरात सलोखा व्हावाच लागतो. थोरला अखेर आत आला की नाही, हे मात्र संत लूक सांगत नाही.