बून, ऑडुबॉन आणि झाडावरची खार : एका साक्षीचें परीक्षण

जुनीं शस्त्रें व जुने कागद जमविणाऱ्यांस अमेरिकेंतील केंटकीची लांब नळीची रायफल अपरिचित नाहीं. या रायफलीच्या अचूकपणाविषयीं जी एक हकीकत वारंवार प्रमाण म्हणून पुढें केली जाते, तिचें मूळ जॉन जेम्स ऑडुबॉन याच्या पक्षिचरित्रविषयक ग्रंथाच्या पहिल्या खंडांत आहे. हा खंड १८३१ सालीं एडिंबरो येथें प्रसिद्ध झाला. त्यांतील केंटकीच्या खेळांवरील प्रकरणांत, प्रख्यात वनचर डॅनियल बून यास खारीची शिकार करतांना आपण प्रत्यक्ष पाहिलें, असें ग्रंथकार सांगतो. शस्त्रसंग्रहांच्या वर्णनांतून व बूनच्या चरित्रांतून ही हकीकत अद्यापि उतरून घेतली जात असल्यामुळें तिची छाननी करणें आम्हांस अवश्य वाटतें.

हकीकत थोडक्यांत अशी आहे. दोघेजण फ्रँकफर्ट गांवाजवळ केंटकी नदीच्या खडकाळ कांठानें चालत अक्रोड, ओक व हिकरी यांच्या दाट राईंत पोंचले. त्या वर्षीं रानफळें विपुल आल्यामुळें झाडोझाडीं खारी बागडत होत्या. बूननें बंदुकीची नळी पुसली, दारू मापून घातली, गोळीखालीं तागाच्या बारीक कापडाची चिंधी धरली आणि हिकरीच्या गजानें ती तळाशीं बसविली. सुमारें ५० पावलांवर फांदीस बिलगून बसलेली एक खार दाखवून, गोळी नेमकी कोठें लागते तें पाहण्यास त्यानें सोबत्यास सांगितलें. गोळी खारीस लागली नाहीं. तिच्या अगदीं खालच्या सालीवर लागली. सालीच्या चिरफळ्या झाल्या आणि त्या धक्क्यानेंच खार मरून हवेंत उडाली. या कसबास त्या देशांतील शिकारी ‘साल उडविणें’ या अर्थाचा शब्द वापरतात.

येथें दोन प्रश्न उपस्थित होतात व ते निरनिराळे आहेत. ऑडुबॉननें बूनला हें करतांना पाहिलें काय, हा पहिला. आणि असें कसब त्या काळीं खरोखर होतें काय, हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाल्यामुळें एक पक्ष सगळी हकीकत शिरोधार्य मानतो, तर दुसरा ती सगळीच भाकडकथा म्हणून टाकून देतो. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात.

पहिल्या प्रश्नास कालानुक्रमच उत्तर देतो. बूनचा जन्म १७३४ सालचा. जमिनीच्या दाव्यांत नाडला गेल्यावर १७९९ मध्यें त्यानें केंटकी सोडली आणि त्या वेळीं स्पेनच्या अमलाखालीं असलेल्या मिसूरीच्या मुलखांत तो जाऊन राहिला. तेथेंच २६ सप्टेंबर १८२० रोजीं तो वारला. ऑडुबॉनचा जन्म १७८५ चा. तो १८०३ सालीं अमेरिकेंत आला आणि केंटकींत व्यापारासाठीं १८०७ मध्यें उतरला. म्हणजे बूननें केंटकी सोडली त्या वेळीं हा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार चौदा वर्षांचा असून समुद्रापलीकडे होता. बून मध्यंतरीं केंटकीस येऊन गेला असेल, असें म्हणून कोणी वाट काढतील. परंतु तेवढ्यानें अडचण सरत नाहीं. त्याच ग्रंथांत बूनविषयीं दुसरें एक प्रकरण आहे. त्यांत, वीस वर्षांहून अधिक काळापूर्वीं शिकारीहून परतल्यावर आपण दोघे एका छपराखालीं निजलों, असें ऑडुबॉन म्हणतो. हा काळ १८१० च्या सुमाराचा ठरतो. त्या वेळीं बून ७५ वर्षांचा होता. शिकारीच्या प्रकरणांतील बून मात्र धडधाकट, पिळदार अंगाचा, उघड्या पोटऱ्यांनीं हिंडणारा आहे आणि दुसऱ्या प्रकरणांतील बून तर जवळजवळ राक्षसी देहाचा आहे. वास्तविक बून मध्यम उंचीचा, भरीव बांध्याचा होता. ज्यानें माणूस पाहिला, त्याचें वर्णन इतकें चुकावें हें संभवत नाहीं.

साक्षीदाराची सर्वसाधारण पतही येथें विचारांत घेतली पाहिजे. १८१८ सालीं निसर्गशास्त्रज्ञ रॅफिनेस्क हा हेंडरसन येथें ऑडुबॉनकडे पाहुणा होता. त्यास यजमानानें ओहायो नदींतील म्हणून कित्येक काल्पनिक माशांचीं वर्णनें पुरविलीं. पाहुण्यानें तीं खरीं मानून १८२० मध्यें ग्रंथांत छापलीं आणि पुढील शास्त्रज्ञांस तो घोळ निस्तरावा लागला. शिवाय ग्रंथाची रचना पाहावी. पहिल्या तीन खंडांत दर पांच पक्ष्यांच्या वर्णनानंतर वाचकाच्या विसाव्यासाठीं असें एकेक प्रकरण घातलें आहे. ग्रंथ बव्हंशीं ब्रिटनमधील वर्गणीदारांच्या आश्रयावर चालला होता आणि बायरननें १८२३ सालीं आपल्या ‘डॉन जुआन’ काव्याच्या आठव्या सर्गांत बूनचा गौरव केल्यापासून त्या वाचकांस बूनचें नांव ठाऊक होतें. इंग्रजी भाषा ऑडुबॉनची मातृभाषा नसल्यामुळें मजकुरावर विल्यम मॅकगिलिव्हरे यानें संस्कार केले, हेंही विसरतां येत नाहीं. सारांश, आपल्यापुढें आहे ती त्या दिवशींची टिपणवही नव्हे. वीस वर्षांनंतर, परदेशांतील वाचकांसाठीं, दुसऱ्याच्या हातून घासूनपुसून आलेली छापील गोष्ट आहे. बूनची साक्ष म्हणून ती अग्राह्य आहे, असा आमचा निर्णय आहे.

परंतु एवढ्यावरून दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी देणें हा अविचार होईल. हकीकतींतून बूनचें नांव काढून टाका आणि मागें काय उरतें तें पाहा. दारू भरण्यापूर्वीं नळी पुसणें हें काळी दारू वापरणाराच जाणे. कारण तिची काजळी नळीच्या पेचांत बसते व पुढची गोळी वाकडी जाते. मऊ शिशाची गोळी नळीपेक्षां किंचित् लहान ओतून ती चिंधीनें घट्ट बसविणें, हें तर या रायफलीचें मर्मच होय. चिंधी पेच पकडते आणि गोळीस भोंवरा देते. गोळी ठोकून बसवावी लागत नाहीं, म्हणून ती विद्रूपही होत नाहीं. पेन्सिल्व्हानियांत येऊन वसलेल्या जर्मन कारागिरांनीं अठराव्या शतकांत ही बंदूक सिद्धीस नेली. बंदुकीची माशी लक्ष्यावर सावकाश आणण्याची जी पद्धत ऑडुबॉन वर्णितो, तीही अनुभवाची आहे. हे तपशील कल्पनेनें सुचणारे नव्हेत. ऑडुबॉन स्वतः कसलेला बंदूकधारी होता व त्या मुलखांत त्यानें अनेक वर्षें काढलीं होतीं.

कसबाचें कारणही समजण्याजोगें आहे. ०·४५ इंच व्यासाच्या नळीची गोळी सुमारें १३० ग्रेन वजनाची, म्हणजे एका पौंडास ५० ते ५५ या मानाची असते. हरिण व अस्वल यांसाठीं ती योग्य. पण करड्या रंगाच्या खारीचें वजन अर्ध्या किलोच्या आसपास. तिच्या अंगांत ही गोळी गेली तर स्वयंपाकास कांहींच उरत नाहीं. ज्याच्या घरीं एकच बंदूक आहे, त्यानें गोळी सालीवर मारून मांस वांचविणें हा चमत्कार नसून काटकसर आहे. अर्थात् खार चिरफळ्यांच्या धक्क्यानें मरते कीं उंचावरून पडून, हें ५० पावलांवरून पाहणारास सांगतां येणार नाहीं. त्या बाबतींत ऑडुबॉनची खात्री जरूरीपेक्षां अधिक आहे. तथापि पुढें अनेकांस असें करतांना आपण पाहिलें, असें तो शेवटीं लिहितो. नांव नसलेलें हें साधें वाक्यच आम्हांस नांवाजलेल्या हकीकतीपेक्षां अधिक विश्वसनीय वाटतें.

खारीची शिकार त्या मुलखांत घरोघरीं चालत असे, यास स्वतंत्र कागदी पुरावा आहे. खारी मक्याच्या पिकाचा नाश करीत, म्हणून केंटकीशेजारच्या ओहायो संस्थानानें १८०७ सालीं कायदा करून करदात्यांवर खारींच्या टाळवा हजर करण्याचें बंधन घातलें. १८६२ मध्यें यादवी युद्धांत सिनसिनाटी शहरावर संकट आलें, तेव्हां गव्हर्नर टॉड याच्या हांकेस धांवलेल्या ग्रामस्थांस ‘खारींचे शिकारी’ हेंच नांव पडलें व पुढें त्यांस छापील प्रशस्तिपत्रें मिळालीं. असे कागद संग्राहकांच्या दृष्टीनें ऑडुबॉनच्या प्रकरणापेक्षां अधिक मोलाचे होत.

कसब लुप्त कां झालें, हेंही शस्त्रेंच सांगतात. प्रथम ०·३२ ते ०·३६ इंची लहान नळीच्या रायफली खास अशा शिकारीसाठीं होऊं लागल्या. नंतर १८८७ सालीं ०·२२ इंची ‘लाँग रायफल’ काडतूस आलें. त्याची गोळी अवघी ४० ग्रेनांची. तिनें खारीच्या डोक्यावर नेम धरला म्हणजे मांस बिघडत नाहीं. मग सालीवर नेम कशास धरावा? हेंच काडतूस पिस्तुलांतही चालूं लागलें. १९१५ ते १९७७ पर्यंत निघालेलें कोल्ट कंपनीचें ‘वुड्समन’ पिस्तूल हें रानांत जाणाऱ्यांच्या कमरेचें परिचित शस्त्र होतें. हातांत धरलेल्या आंखूड नळीनें खार टिपणें हें अवघड कसब खरेंच, पण तें निराळें कसब होय.

मराठी संशोधकास ही विवेकपद्धति नवी नाहीं. शिवछत्रपतींच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आंत लिहिलेली सभासदाची बखर आणि शतकानंतरची चिटणिसाची बखर यांस आपण एकाच तराजूंत घालीत नाहीं. आणि उत्तरकालीन बखरींतील प्रसंग अग्राह्य ठरला तरी तिच्यांतील दरबारी रीत, हत्यारांचीं नांवें वा खर्चाच्या बाबी आपण फेंकून देत नाहीं. बूनच्या बाबतींत या कामीं लायमन ड्रेपर याचें ऋण मोठें आहे. त्यानें १८५१ सालीं बूनचा पुत्र नेथन व सून ऑलिव्ह यांस तपशीलवार प्रश्न विचारून उत्तरें टिपून ठेविलीं. विस्कॉन्सिनच्या इतिहास-मंडळाच्या दप्तरांत हें हस्तलिखित आहे. तीही म्हाताऱ्या माणसांची आठवणच. पण कोणी, केव्हां, कोणास सांगितलें हें तेथें कळतें.

संग्राहकांस एक व्यावहारिक सूचना करून हा लेख पुरा करतों. बून आपली सही करतांना रोमन अक्षरांत शेवटचें ‘ई’ लिहीत असे. ‘ई’ नसलेलें त्याचें नांव कोरलेलीं झाडें, दारूचीं शिंगें व बंदुकांचे दस्ते यांविषयीं म्हणूनच संशय बाळगावा. अशी बंदूक हातीं आली तर तिच्या यादींत बूनचें नांव लिहूं नये. परंतु नळीची लांबी, पेचांची संख्या, गोळीचें मान व सोबतचा सांचा यांची नोंद अवश्य करावी. नांव गळालें तरी कारागिराचें व शिकाऱ्याचें काम त्या नोंदींत शाबूत राहतें, आणि पुढील अभ्यासकास उपयोग होईल तो त्याचाच.