गव्हाची बिअर, खानदेशी नाकानं

उंच ग्लासातली जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही गाळायची राहून गेली. तो गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांचा आणि मुद्दाम मागे ठेवलेल्या खमिराचा. वरचा बोटभर फेसही बराच वेळ बसत नाही, तीही गव्हाचीच करामत. नाक जवळ नेलं की पिकलेलं केळं आणि त्याच्यामागून लवंग. बिअरमध्ये घातलेलं यातलं काहीच नसतं. दोन्ही वास खमीर तयार करतं. खमीर जास्त उबेत काम करू लागलं की केळं शिरजोर होतं. दळलेलं धान्य सुरुवातीला ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात थोडा वेळ ठेवलं, तर लवंगेला लागणारं फेरुलिक आम्ल सुटतं. हॉप्सचा कडवटपणा जेमतेम. घोट जिभेवर जरा पिठूळ लागतो, मग बारीकशी आंबट लकेर देऊन जातो.

ही लकेर आम्हा नवागामकरांना परकी वाटू नये. सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेली घरं भरपूर. उन्हाळ्यात गच्च्यांवर कुरडया वाळतात. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं की जो आंबूस वास येतो, तो ज्यानं घेतलाय त्याला गढूळ बिअर समजावून सांगावी लागत नाही. मग गहू वाटायचे, फडक्यातून चोथा पिळून काढायचा, सत्त्व तळाला बसू द्यायचं आणि चीक शिजवायचा.

कुरडई आणि बिअर यांच्या वाटा फुटतात त्या भिजवण्यातच. कुरडईचा गहू पाण्यात बुडालेला असतो. हवा नाही, म्हणून मोड नाहीत, आणि पिष्ट शाबूत राहतं. बिअरवाला मात्र गहू उपसून ओलाव्यात मोकळा पसरतो आणि मोडांचीच वाट पाहतो. मोड येताना दाण्यात जी विकरं जागी होतात, ती पुढे ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात पिष्टाची साखर करतात. वाळवलेला मोडाचा दाणा चावून पाहा, गोडी तिथंच कळते. नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घरांना यातलं निम्मं काम ठाऊकच आहे. शिवाय गव्हाला फोलपट नसतं, नुसत्या गव्हाचा लगदा चाळणीत तुंबतो. म्हणून सोबत बार्ली लागते, तिची फोलपटंच गाळणी होतात.

घरी करायचा माझा छंद या गोड पाण्यापाशी थांबतो. मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, कोमट आणि कढत यांच्यामधलं पाणी तासभर त्याच आचेवर राखायचं, गाळून गरम गरम प्यायचं. खमीर टाकायचं नाही. इथं गुजरातेत दारूबंदी आहे, आणि परवान्याशिवाय बिअर गाळणं महाराष्ट्रातही कायद्यात बसत नाही. तसा दोन्हीकडचा कायदा एकाच घरातला: १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा १९६०च्या वाटणीत दोघांनाही मिळाला. एकानं परवान्यांच्या खिडक्या उघडल्या, दुसऱ्यानं दार लावून घेतलं. सुरत-भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्थानकात तर फलाटच दोन राज्यांत आहे. चार पावलं टाकली की नियम बदलतो. (गव्हाच्या बिअरच्या नशिबी सरकार जुनंच. बव्हेरियाच्या १५१६च्या फर्मानानं बिअरला बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच मंजूर केलं. पुढे गव्हाच्या बिअरचा मक्ता तिथल्या राजघराण्यानं स्वतःकडेच ठेवला.)

त्यामुळे पुरा ग्लास प्यायचा तर पुणं गाठावं. ताज्या, तिथंच गाळलेल्या बिअरची वाट तिथं २००९ साली डूलाली या मायक्रोब्रूअरीनं पाडली. आता मायक्रोब्रूअरीत जाऊन गव्हाची बिअर मागणं नवलाईचं राहिलेलं नाही. तक्रार एवढीच, की पुष्कळ ठिकाणी ती इतकी गार देतात की वासच दबतो, वर काठावर लिंबाची फोड खोचतात. फोड काढून ठेवावी, पाच-दहा मिनिटं गप्पा माराव्यात आणि मग नाक घालावं. केळं पहिल्या घोटाला लाडिक वाटतं, पण ते एकटंच असेल तर अर्ध्या ग्लासात कंटाळा येतो. मी लवंगेच्या बाजूचा.