पायाच्या धमन्या आणि स्टॅटिन : ते 16 टक्के नेमके कोणाचे?

पेपर वाचताना निष्कर्षाआधी भाजक बघायचा. ही सवय लागावी म्हणून आज एक गाजलेला पेपर घेऊ : हार्ट प्रोटेक्शन स्टडीचं पायाच्या धमन्यांच्या आजारावरचं विश्लेषण, 2007 सालचं.

आजार ओळखीचा आहे. थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं. वय झालं, वात आहे, असं म्हणून माणूस गप्प बसतो. पण पायाची धमनी अरुंद झाली असेल तर हृदयाची आणि मेंदूची धमनीही धोक्यात असते. म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन.

ब्रिटनमधल्या या चाचणीत 20,536 लोक होते. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन 40 मिलीग्रॅम, निम्म्यांना प्लॅसिबो, सरासरी पाच वर्षं. त्यात 6,748 जणांना पायाच्या धमन्यांचा आजार होता. त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, धमनीवरची शस्त्रक्रिया अशा मोठ्या घटना प्लॅसिबो गटात 32.7 टक्के, स्टॅटिन गटात 26.4 टक्के. बातमीत येतं ‘22 टक्के घट’. तुम्ही वहीत लिहा : हजारामागे 63 जण वाचले, म्हणजे साधारण 16 जणांनी पाच वर्षं गोळी घेतली तर एकाचा फायदा. हा फायदा भक्कम आहे. 6,748 पैकी 4,047 जणांना आधीच हृदयविकार होता, ही शंका रास्त. पण उरलेल्या 2,701 जणांतही आकडा 30.5 वरून 24.7 टक्क्यांवर आला.

आता गोची. ‘पायाच्या घटना 16 टक्क्यांनी घटल्या’ हे वाक्य बरेच जण पायाच्या रुग्णांच्या नावावर खपवतात. आकडे पाहा : 479 म्हणजे 4.7 टक्के, 561 म्हणजे 5.5 टक्के. 479 ला 4.7 टक्क्यांनी भागा, भाजक दहा हजारांवर जातो. पायाचे रुग्ण तर प्रत्येक गटात साडेतीन हजारांच्या आत! म्हणजे हा निकाल चाचणीतल्या सगळ्यांचा. शिवाय घट मुख्यतः रक्तवाहिन्या मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियांमधली. ‘स्टॅटिनने पाय कापायचे वाचतात’ असं या पेपरवरून म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा निवडीचा. आधी काही आठवडे गोळ्या देऊन, नियमित घेणारे तेवढेच पुढे नेले. रन-इनला 32 हजारांवर लोक होते, उरले 20,536. धुळ्याच्या यंत्रमागावर पाळी करणारा किंवा रावेरच्या केळीबागेत राबणारा माणूस पाच वर्षं रोज गोळी घेईल का, याचं उत्तर इथे मिळत नाही. उलट बाजूही मांडा : प्लॅसिबो गटातल्या साधारण 17 टक्के लोकांनी बाहेरून स्टॅटिन घेतलंच. म्हणजे औषधाचा खरा परिणाम 22 टक्क्यांहून जास्तही असू शकतो. टीका एकतर्फी नको.

तिसरा मुद्दा आपल्याकडचा. बिडी ओढणाऱ्या तरुणाच्या पायाची बोटं काळी पडली तर तो बर्जरचा आजार असू शकतो. तिथे मूळ दुखणं धमनीच्या दाहाचं आणि गुठळीचं, चरबीच्या थराचं नव्हे. त्यावर मुख्य उपाय तंबाखू पूर्ण सोडणं. त्याला हा पेपर लावायचा नाही.

जळगाव-धुळ्यात कुणी प्रबंध करणार असेल तर स्टॅटिन चालतं का, हा प्रश्न पुन्हा विचारू नका. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर मोजा, 0.90 किंवा कमी आलं तर आजार धरतात. बर्जरचे रुग्ण वेगळे काढा. मग विचारा : किती जणांना स्टॅटिन लिहून दिलं, आणि वर्षभराने किती जण घेतायत? औषधाचा पुरावा आहे. तो आपल्या माणसापर्यंत पोचतो की नाही, हे मोजायचं राहिलंय.