याले बांधलं कोनं? : हुडिनीच्या जुन्या चित्रफिती पाहताना

गेल्या दिवाळीला गावी, म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीला गेलो, तेव्हा लॅपटॉपमध्ये हॅरी हुडिनीच्या मूक चित्रफिती भरून नेल्या होत्या. सोयाबीन घरात आलं होतं, तूर शेतात उभी होती, आणि संध्याकाळी ओसरीवर माणसं निवांत बसलेली होती. मी काम करत बसलो की घरातलं कोणी ना कोणी येऊन डोकावायचं. त्या दिवशी मोठे बाबा आले. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. सारा जन्म शेती आणि बैलांत गेलेला. पडद्यावर एक माणूस उंच इमारतीवरून उलटा लटकलेला होता, अंगात वेड्यांना घालतात तसला जाड कापडाचा, पट्ट्यांनी आवळलेला अंगरखा होता, आणि खाली हजारोंची गर्दी होती. दोनेक मिनिटांत अंगरखा खाली पडला, माणसानं दोन्ही हात पसरले. मोठे बाबांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि विचारलं, "हे सारं ठीक हाये. पन याले बांधलं कोनं?"

माझी वही तोवर बरीच भरली होती. कॅमेरा कुठे ठेवला होता, तुकडा कुठे कापला होता, गर्दी कोणत्या बाजूला होती, असलं सगळं तिच्यात होतं. हा प्रश्न मात्र नव्हता. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या मागे मागे गेला आहे.

हुडिनीचं मूळ नाव एरिक वाइस. जन्म २४ मार्च १८७४, बुडापेस्ट. मृत्यू ३१ ऑक्टोबर १९२६, डेट्रॉइट. बेड्या, तुरुंगाच्या कोठड्या, खिळे ठोकलेल्या पेट्या, पाण्यानं भरलेली काचेची टाकी, यांतून सुटून दाखवणं हा त्याचा धंदा होता. चलच्चित्र आणि हुडिनी जवळजवळ एकाच वेळी मोठे झाले. त्यामुळे त्याच्या काही करामती फिल्मवर उतरल्या आणि काही टिकल्याही.

या चित्रफिती पाहताना पहिली सावधगिरी वेगाची बाळगावी लागते. त्या काळचा कॅमेरा हातानं फिरवायचा असे, आणि सेकंदाला साधारण १६ चित्रं घेतली जात. पुढे बोलपटाचा वेग २४ ठरला. जुनी फीत नव्या वेगानं चालवली की तीन मिनिटांची धडपड दोन मिनिटांत उरकते. हुडिनी माकडासारखा चपळ दिसतो आणि आपण हसतो. योग्य वेगानं चालवली की हसू थांबतं. खांदा कापडाच्या आत कसा हळूहळू सरकतो, कोपर डोक्यावरून नेताना मान कशी दबते, मध्येच माणूस नुसता लोंबकळत दम कसा खातो, हे सगळं दिसू लागतं. चित्रफितीचं खरं मोल या दम खाण्यात आहे. वर्तमानपत्रांतली वर्णनं आणि हुडिनीची स्वतःची जाहिरातबाजी यांत ही विश्रांती कुठेही सापडत नाही.

सुरुवातीला तो ही सुटका पडद्याआड करत असे. त्याचा भाऊ हार्डीन यानं ती प्रेक्षकांसमोर उघड्यावर केली आणि लोक वेडे झाले. तेव्हापासून हुडिनीनंही पडदा काढला. लोकांना सुटलेला माणूस नको होता, सुटताना होणारी तगमग हवी होती. १९१५पासून तो वर्तमानपत्रांच्या इमारतींवरून उलटा लटकू लागला. त्यामागे हिशेब होता. खाली गर्दी जमे, वर बातमीदार असत, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो येई.

दुसरी चित्रफीत मला अधिक जवळची वाटते. मे १९०७मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात हातात बेड्या घालून हुडिनीनं पुलावरून पाण्यात उडी मारली. फितीत पुलावरची खच्चून गर्दी दिसते, उडी दिसते, मग नुसतं पाणी, मग वर आलेलं डोकं. बेड्या सुटतात त्या पाण्याखाली, म्हणजे कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. सुटकेचा मुख्य क्षणच या फितीत नाही. तरी ती पाहताना श्वास अडकतो, कारण त्या रिकाम्या पाण्याकडे आपणही काठावरच्या लोकांसारखेच पाहत असतो. हुडिनीनं त्या दिवसाची नोंद रोजनिशीत केली आहे. तिच्यात बेड्यांच्या प्रकाराचं किंवा गर्दीच्या आकड्याचं कौतुक नाही. आईनं आपल्याला उडी मारताना पाहिलं, याचा आनंद आहे. गर्दीतली ती बाई कोणती, हे चित्रफीत सांगू शकत नाही.

इथे मराठी वाचकाला 'कालिया मर्दन' आठवल्यावाचून राहणार नाही. दादासाहेब फाळके हुडिनीहून चार वर्षांनी मोठे, आणि तेही जादूगार. फाळके हे नाव उलटंपालटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावानं ते जादूचे प्रयोग करत. १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पोर डोहात उडी घेते, पाण्याखाली नागाशी झुंजते, काठावर गोकुळ आकांत करतं, आणि शेवटी पोर फण्यावर उभं राहून वर येतं. उडी, पाणी, विळखा, काठावरची आई, वर आलेलं डोकं : रोचेस्टरचा सगळा सांगाडा इथे आहे. पण फाळके कॅमेरा पाण्याखाली नेतात. खऱ्या डोहात नव्हे, ट्रिकच्या डोहात. हुडिनीच्या फितीत जे दिसत नाही, तेच फाळके दाखवतात. प्रेक्षकाला पुरावा नको होता, दर्शन हवं होतं, म्हणून ते त्यांना शक्य झालं. चित्रपटाच्या सुरुवातीला तर ते मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव आधी दाखवून घेतात. ही माझी मुलगी आहे, आता ती कृष्ण होणार आहे, असं सांगून मग जादू करतात. इतका प्रामाणिक जादूगार दुसरा दाखवता येणार नाही.

त्याच १९१९ साली हुडिनीचा 'द ग्रिम गेम' हा कथापट आला. तो अनेक वर्षं हरवलेला समजला जात होता. ब्रुकलिनमधल्या एका निवृत्त कसरतपटूनं जपून ठेवलेल्या प्रतीवरून तो दुरुस्त झाला आणि २०१५मध्ये पुन्हा दाखवला गेला. त्यातलं गाजलेलं दृश्य दोन विमानांचं. एका विमानातून दोरावर लोंबकळत नायक दुसऱ्या विमानात उतरणार असतो, तेवढ्यात विमानं एकमेकांवर आदळतात. टक्कर कथेत नव्हती. चित्रीकरण चालू असताना ती खरोखर झाली. दैवानं कोणी मेलं नाही, आणि फीत हाती लागल्यावर कथा तिच्याभोवती बदलून घेण्यात आली. मात्र दोरावर लोंबकळणारा माणूस हुडिनी नव्हता. तो रॉबर्ट केनेडी नावाचा बदली माणूस होता. हुडिनी जमिनीवर होता. जाहिरातीत मात्र श्रेय हुडिनीच्या नावावर गेलं. संकट अस्सल, माणूस बदली : अभ्यासकाला याहून चांगला धडा मिळणार नाही. फितीतली घटना खरी ठरली म्हणून तिच्याबद्दल सांगितलेली गोष्ट खरी ठरत नाही.

हुडिनीचे कथापट फार चालले नाहीत आणि १९२३नंतर त्यानं तो नाद सोडला. माझ्या मते कारण अभिनयाच्या पलीकडचं आहे. कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू करता येतो हे प्रेक्षकाला एकदा कळलं, की बेड्या कुणाच्याही सुटतात. फाळक्यांना ज्या कात्रीनं चमत्कार दिला, त्याच कात्रीनं हुडिनीची साक्ष खोटी पाडली. म्हणूनच त्याच्या कथापटांपेक्षा रस्त्यावरचे ते न कापलेले दोन-तीन मिनिटांचे तुकडे मला मोठे वाटतात.

असे तुकडे टिकणं हा नशिबाचा भाग असतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. आपल्या चित्रपटाच्या आरंभी एक माणूस दुसऱ्याची पकड सोडवत होता, असं म्हणायला हरकत नाही. ती फीत आज नाही. 'कालिया मर्दन' बराचसा पाहायला मिळतो, तो राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून मिळवलेल्या तुकड्यांमुळे. आणि जानेवारी २००३मध्ये पुण्याला लागलेल्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला, हेही त्याच इतिहासात आहे.

आता मोठे बाबांचा प्रश्न. बांधलं कोणी? हुडिनीला बऱ्याच ठिकाणी पोलीस बांधत, कधी इस्पितळाचे नोकर, कधी गावातले कारागीर आव्हान देऊन आपली पेटी आणत. १९०४ साली लंडनमध्ये एका वर्तमानपत्रानं बर्मिंगहॅमच्या कुलूपवाल्याच्या खास बेड्या पुढे केल्या. तासाहून अधिक वेळ लागला, पण हुडिनी सुटला. त्या बेड्यांमागे त्याचाच हात होता, अशी शंका जाणकार आजही घेतात. म्हणजे बांधणारा कोण, यावर सुटण्याचा सगळा अर्थ अवलंबून आहे. आणि मी पाहिलेल्या तुकड्यांत बांधण्याचा भाग सर्वांत आखूड आहे. पट्टे ओढणारे हात क्षणभर दिसतात आणि लगेच दोर वर चढू लागतो.

मोठे बाबांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुले आठवत नसन. तू लहान होता. त्या खेळवाल्याले मीच बांधलं होतं."

मला अंधुक आठवत होतं. पारासमोर एक खेळवाला आला होता, बरोबर बायको आणि ढोलकी वाजवणारी मुलगी. गावातल्या कोणीही बांधावं, मी सुटून दाखवतो, असं त्यानं सांगितलं. मोठे बाबांनी घरून अंबाडीचा कासरा आणला आणि हौदात भिजवला. भिजलेला दोर फुगतो, गाठ मग बोटांना दाद देत नाही. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. खेळवाला धुळीत लोळला, खांदे मोडल्यासारखे वाकवले, आणि शेवटी हळूच म्हणाला, "सोडा आता, बाप्पा." लोक हसले. कोणी धान्य घातलं नाही, पैसा दिला नाही. "मी बी हासलो," मोठे बाबा म्हणाले. "लेकीनं ढोलकी थांबवली नाही. बाप सुटला नाही तरी वाजवतच होती."

१६ जून २०१९ रोजी कोलकात्याचे जादूगार चंचल लाहिरी, ज्यांना लोक मॅन्ड्रेक म्हणत, हुडिनीचा प्रयोग करण्यासाठी साखळदंडांनी बांधून घेऊन हुगळीत उतरले. काठावर माणसं होती, कॅमेरे होते. ते वर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी देह सापडला. याच लाहिरींना २०१३मध्ये पिंजऱ्याच्या दारातून बाहेर पडताना लोकांनी पाहिलं आणि धक्काबुक्की केली होती. युक्ती दिसली तर मार, आणि युक्ती चुकली तर नदी. काठावरचे आपण दोन्ही वेळी तेच असतो. हुडिनीच्या फितींतली गर्दी पाहताना मला आता या दोन्ही गोष्टी आठवतात, आणि त्या गर्दीतले चेहरे मी अधिक वेळ थांबवून पाहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे बाबा पुन्हा ओसरीवर आले. म्हणाले, "ते मागं ने. बांधते तिथं." मी फीत मागे नेली आणि योग्य वेगावर लावली. टोपी घातलेल्या दोन माणसांनी पाठीवरचे पट्टे आवळले, एकानं गुडघा टेकवून आणखी ओढला, आणि ते बाजूला झाले. मोठे बाबांनी तेवढा तुकडा तीनदा पाहिला. मग ते चहा घ्यायला आत गेले, आणि मी वहीत पहिल्यांदाच लिहिलं : बांधणारे दोघे; उजवीकडचा माणूस वर पाहत नाही.