एका निगेटिव्हच्या दोन प्रती

हिंजवडीच्या म्हातोबाच्या बगाडाचे एक कृष्णधवल छायाचित्र तेथील एका वयोवृद्ध छायाचित्रकाराच्या घरी आम्ही दोन प्रतींत पाहिले. पहिली प्रत डार्करूममधली, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' कागदावरची. तो कारखाना आता बंद पडला आहे. दुसरी, तीच निगेटिव्ह स्कॅन करून इंकजेट प्रिंटरवर काढलेली.

आमचे मन अर्थातच पहिलीकडे झुकले. लाल दिव्याचा मंद उजेड, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये हळूहळू उमटणारी आकृती, हायपोचा उग्र वास! खालचा भाग पुठ्ठ्याने झाकून आकाशाला ज्यादा प्रकाश दिलेला. त्या काळ्याभोर आकाशावर बगाडाचा खांब ठसठशीत उभा राहतो.

दुसरीत तो जोर नाही. 2005 च्या सुमारास काळ्या शाईच्या तीन छटा वापरणारे प्रिंटर आले, करड्यातली हिरवट झाक पुष्कळ गेली. तरी या मॅट कागदावरचा काळा रंग धुरकटच वाटतो. पण जुन्या प्रतीत जिला आम्ही निव्वळ सावली समजलो, तेथे माणसे आहेत. बगाडाच्या बुडाशी दाटीने उभे चार चेहरे. एकाचे डोळे मिटलेले.

हे श्रेय यंत्राचे नव्हे. पुठ्ठा तेथे धरला असता तर डार्करूममध्येही ते उमटले असते. परंतु कागद महाग, तिसरा प्रयोग कोण करणार? पडद्यावर तो फुकट होतो. ऊन मात्र त्यात सपाट झाले.

भिंतीवर एकच लावायची, तर आम्ही दुसरी लावू.